क्रियापदाला प्रश्न

“क्रियापदाला प्रश्न विचारा,” मी म्हणालो, आणि चौघी फळ्याकडे बघत राहिल्या. फळ्यावर लिहिलं होतं : शांताक्काने मांजराला हाकलले.

शांताक्का त्या घरची स्वयंपाकीण. माझं नाव फळ्यावर कशाला घेता, म्हणून ती आतून कुरकुरली. मुली हसल्या. मी खडूनं ‘हाकलले’ खाली रेघ ओढली.

“हाकलले,” रेणव्वा म्हणाली. “कोणी हाकलले? शांताक्कानं. कुणाला? मांजराला.” मग तिनं फळ्याकडे बोट केलं. “का हाकलले, गुरुजी? ते न्हाई लिवलं तुमी.”

“ते या वाक्यात नाही.”

“मग वाक्य अर्धंच की.”

हायस्कुलात उभा जन्म मी मराठी शिकवलं, पण वाक्य अर्धं आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ‘दूध प्यायल्याबद्दल’ असं मध्ये घातलं, तेव्हा तिचं समाधान झालं.

ते घर प्रमिलाताई आवटे चालवत. गावाच्या नाक्याबाहेर, तंबाखूच्या जुन्या वखारीशेजारी. पाटीवर संस्थेचं लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला ताईंचं घरच म्हणत. एसटी स्टँडामागच्या गल्लीतून पोलिसांनी सोडवलेल्या अल्पवयीन मुली तिथे ठेवत. निवृत्त झाल्यावर मी रोज संध्याकाळी त्यांना शिकवायला जाऊ लागलो. त्या वर्षी चौघींना मार्चमध्ये बाहेरून दहावीची परीक्षा द्यायची होती. त्यांत रेणव्वा सर्वांत हुशार. सोळा वर्षांची, घरची भाषा कानडी, मराठी गल्लीत शिकलेली, त्यामुळे तोंडात शिव्या आधी आल्या आणि जोडाक्षरं मागाहून.

तिला गल्लीत आणून सोडलं होतं ते तिच्या सख्ख्या मामानं, मल्लाप्पानं. वखारीत कामाला लावतो म्हणून सीमेपलीकडच्या गावाहून आणलं आणि तिथे सोडून तो निघून गेला. पण पोलिसांपुढे तिनं त्याचं नाव घेतलं नाही. तिची आई आणि धाकटी बहीण त्याच्याच घरात राहत होत्या. त्यामुळे सरकारदरबारी मल्लाप्पा म्हणजे भाचीची काळजी करणारा जवळचा नातेवाईक. त्यानं तिला आपल्याकडे द्यावं म्हणून जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे अर्ज केला होता. तिला मामाकडे पाठवायचं की ताईंकडे ठेवायचं, याचा निकाल संक्रांतीनंतर व्हायचा होता. समितीचा कल ताईंकडे होता. परीक्षा तोंडावर आहे, मुलगी रमली आहे, असं अध्यक्षबाई मागच्या वेळी स्वतः म्हणाल्या होत्या.

मांजराचं वाक्य संपत असतानाच फाटक वाजलं. ताई उठून गेल्या. फाटकाबाहेर अभिनंदन मगदूम उभा होता. जिल्ह्याच्या दैनिकाचा आमच्या तालुक्याचा बातमीदार, आणि माझा जुना विद्यार्थी.

ताईंनी फाटक उघडलं नाही. वर्तमानपत्रवाल्यांना आत घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता, आणि तो उगाच नव्हता. आधी एका वर्तमानपत्रानं घराचं भरभरून कौतुक छापलं होतं. सोबत मुलींचा पाठमोरा फोटो. चेहरा कोणाचाच दिसत नव्हता, पण एकीच्या वेणीवरून तिला ओळखणाऱ्यांनी ओळखलं, आणि मग कित्येक दिवस समोरच्या पानपट्टीवर गल्लीतली माणसं येऊन उभी राहत. तेव्हापासून स्तुती असो की निंदा, ताईंचं उत्तर एकच असे.

“आत काय चालतं ते लोकांना कळायला नको का, ताई?” मगदूम विचारत होता.

“लोकांना कळलं की मुलींचं काय होतं ते मला कळलंय,” ताई म्हणाल्या. “या आता तुम्ही.”

मी घरी जायला बाहेर पडलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला मोटरसायकलला टेकून होता. मला बघून वाकला, पायांना हात लावला. गुरुजी, तुम्ही इथं कसे, म्हणाला. मी सांगितलं, शिकवतो. रोज का, म्हणाला. रोज संध्याकाळी, मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि माझ्यामागे ताईंनी ओढून घेतलेल्या कडीकडे बघत राहिला.

बातमी आली ती पुढच्या आठवड्यात, पहिल्या पानावर. मथळा होता, ‘आश्रयाच्या आड तोच बाजार?’ शेवटी प्रश्नचिन्ह होतं. खाली लिहिलं होतं की, मुलींच्या एका नावाजलेल्या निवाऱ्याचं फाटक कायम बंद असतं, पत्रकारांना हाकललं जातं, रोज संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ आत जातो, आणि तिथल्याच एका मुलीनं आमच्या प्रतिनिधीला जे सांगितलं ते सभ्य वाचकांसाठी जसंच्या तसं छापता येत नाही. संस्थेचं नाव नव्हतं. माझंही नव्हतं. वखार मात्र होती.

सकाळी दूध घालणारा माझ्याकडे न बघता दूध घालून गेला. शेजारच्या घरातली दोन पोरं माझ्याकडे पाढे म्हणायला यायची, ती त्या दिवशी आली नाहीत.

ताईंनी मुलींना ओळीत उभं केलं. मी तिथेच होतो. कोणाशी बोललीस, काय बोललीस, हे एकेकीला विचारलं. तिघींनी नाही म्हणून माना हलवल्या. रेणव्वा म्हणाली की ती बोलली होती. परीक्षेच्या कागदावर सही आणायला शांताक्काबरोबर शाळेत गेली असताना. शांताक्का चपलेचा तुटलेला अंगठा शिवून घ्यायला चांभाराकडे थांबली, तेवढ्यात शाळेच्या पायऱ्यांवर तो माणूस आला. गुरुजींचा विद्यार्थी आहे म्हणाला, म्हणून ती बोलली.

“काय सांगितलंस?” ताईंचा आवाज पातळ झाला होता.

“चांगलंच सांगितलं की. जेवाय मिळतंय, गुरुजी शिकिवत्यात, मारत न्हाईत. सगळं चांगलंच.”

“तुझ्या मामानं शिकवलं होतं का काही?”

रेणव्वानं माझ्याकडे बघितलं. ताईंनी तिला असलं काही विचारावं, हे तिला पटेना. “चांगलंच सांगितलं, गुरुजी,” ती मला म्हणाली. ताईंनी विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर ठेवावा असं त्या पेपरात काही नव्हतं.

मी मगदूमकडे गेलो. बाजारपेठेत चष्म्याच्या दुकानावर त्याच्या पेपरची एक खोली होती. त्यानं खुर्ची पुसून पुढे केली, चहा सांगितला, आणि स्वतः उभाच राहिला, वर्गात उभा राहायचा तसा.

“गुरुजी, तुम्ही रागावणार हे मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “पण ती पलीकडच्या तालुक्यातली संस्था आठवते? तिथलंही सगळ्या गावानं मला सांगितलं होतं, देवमाणसं आहेत. मुलगी सांगत होती तरी मी पुरावा शोधत थांबलो. मी छापेपर्यंत दोघी नाहीशा झाल्या होत्या. अजून सापडल्या नाहीत. तेव्हा ठरवलं, मुलगी तोंडानं सांगते आहे तर थांबायचं नाही.”

ते खोटं नव्हतं. ती बातमी जिल्हाभर गाजली होती, मीही ती वाचून त्याला शाबासकीचा निरोप धाडला होता.

“काय सांगितलं तिनं?” मी विचारलं.

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

“मगदूम, मुलगी काय म्हणाली? तिचे शब्द सांग.”

“ते तुमच्यासमोर कसं बोलू, गुरुजी?” त्याचे कान लाल झाले होते. “तुमच्याबद्दलच आहे. माझ्या तोंडून नका वदवून घेऊ.”

मी पुन्हा विचारलं. त्यानं खाली बघून मान हलवली. चहा आला, तो दोघांनीही घेतला नाही. जिना उतरताना तो वरून म्हणाला की मथळ्यात प्रश्नचिन्ह मुद्दाम घातलं होतं, गुरुजी, तुमच्यासाठी.

समितीची बैठक जिल्ह्याच्या गावी होती, एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर. रेणव्वानं केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या आणि पिवळा पंजाबी ड्रेस. एसटीत ती वाटभर इतिहासाच्या सनावळ्या पुटपुटत होती. निकाल आपल्या बाजूनं लागणार, याबद्दल तिला शंका नव्हती. मी चांगलंच सांगितलंय, एवढंच तिचं म्हणणं.

मल्लाप्पा आधीच येऊन बसला होता. पांढरे कपडे, खांद्यावर टॉवेल, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली बातमी. मराठी धड वाचता येत नसावं त्याला, पण ती घडी त्यानं अध्यक्षबाईंपुढे अशी उलगडली की जणू देवाचा अंगाराच. माझी भाची अशा ठिकाणी नको, एवढंच तो मोडक्या मराठीत म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले.

अध्यक्षबाई समंजस होत्या. बातमीवरून निर्णय करत नाही, म्हणाल्या. मगदूमलाच बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, “छापता येत नाही असं लिहिलंत. इथे सांगता येईल. तिचे शब्द काय होते?”

मगदूमनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे.

“ती म्हणाली, ‘गुरुजी आम्हाला बसवतात.’”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि रेणव्वाकडे वळल्या. “असं म्हणालीस तू?”

“व्हय,” रेणव्वा म्हणाली, आणि हसली. “म्हणालो की. चौघींना बी बसवत्यात.”

मला तेव्हा सगळं कळलं.

प्रयोजक क्रियापदं शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. आपण करतो ती साधी क्रिया, दुसऱ्याकडून करवून घेतो ती प्रयोजक. हसणे, हसवणे. झोपणे, झोपवणे. आणखी एक सांगा, म्हणालो, तर मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “बसवणे,” आणि चौघींच्या माना खाली गेल्या. त्या गल्लीत या शब्दाला एकच अर्थ होता. धंद्याला, हे पुढे सांगावंही लागत नसे. अमकीला बसवली म्हटलं की संपलं.

मी तो शब्द पुसला नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि म्हणालो, क्रियापदाला प्रश्न विचारा. शेवटी रेणव्वानं विचारलं, “कशाला?” मी वाक्य पुरं केलं : गुरुजी मुलींना दहावीला बसवतात.

त्या दिवशी ती हसली ती किती वेळ हसतच होती. मग तो त्या घरातला विनोदच झाला. शांताक्कानं भांडी घासायला हाक मारली की रेणव्वा ऐटीत सांगायची, “आमाला येळ न्हाई, आमाला बसवत्यात, दहावीला.” वापरून वापरून शेवटचा शब्द झिजून गेला. गुरुजी आमाला बसवत्यात, एवढं एकीनं म्हटलं की चौघी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. शाळेच्या पायऱ्यांवर अनोळखी माणसाला तिनं तेच अभिमानानं सांगितलं. बाहेर त्या शब्दाला दुसरा अर्थ आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. इतकी बरी झाली होती ती.

मी उभा राहिलो. “मगदूम,” मी म्हणालो, “क्रियापदाला प्रश्न विचारलास का?”

त्यानं वर बघितलं. चाळीस पोरांत मागच्या बाकावर बसायचा तरी हे वाक्य त्यानं माझ्याकडून शेकडो वेळा ऐकलं होतं.

“आपण खाली बसा,” अध्यक्षबाई मला म्हणाल्या. “आपल्याबद्दलच विषय चालू आहे.”

“बसतो. तिला फक्त एक शब्द विचारा, बाई. कशाला, एवढंच.”

त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं असं नाही, पण त्याआधी त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, लेखनिकाला थांबायची खूण केली, दार लावून घ्यायला सांगितलं, आणि फार मऊ आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, “बाळ, घाबरू नकोस. कशाला बसवतात?”

रेणव्वाचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. तिनं बाईंकडे पाहिलं, लावलेल्या दाराकडे पाहिलं. मग मामाकडे. तो डोळे पुसायचा थांबला होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो शब्द तिच्या मनात मागे वळला आणि जिथून आला होता तिथे जाऊन पोहोचला. एवढी सगळी माणसं या खोलीत इतका वेळ काय ऐकत होती, ते तिला कळलं. तिनं ओढणी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

बाईंनी पुन्हा विचारलं. ताई म्हणाल्या, बोल ग, सांग ना. मी काही बोललो असतो तर शिकवल्यासारखं झालं असतं. रेणव्वा जमिनीकडे बघत उभी राहिली आणि तिनं उत्तर दिलं नाही. लेखनिकानं ते लिहून घेतलं : मुलगी गप्प.

ताईंनी मग परीक्षेच्या फीच्या पावत्या काढल्या. अध्यक्षबाईंनी त्या लक्षपूर्वक वाचल्या, मलाही चार प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाल्या, “मला पटतंय, ताई. पण बातमी छापून आली आहे. वरून चौकशीचा आदेश आला आहे. ती संपेपर्यंत मी एकही मुलगी तुमच्याकडे ठेवू शकत नाही. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न मला विचारतील.” बाकीच्या तिघींना कोणी नव्हतं, त्यांना दुसऱ्या जिल्ह्याच्या सरकारी वसतिगृहात पाठवायचं ठरलं. तिथे जागाही तेवढीच होती. रेणव्वाला मामा होता. चौकशी होईपर्यंत ताबा त्याच्याकडे.

ताई तेव्हा मोठ्यानं म्हणाल्या की हाच माणूस तिला गल्लीत सोडून गेला होता. बाईंनी रेणव्वाला विचारलं. मल्लाप्पा कानडीत दोन शब्द बोलला, हळू, प्रेमानं बोलावेत तसे. त्यांतला ‘अव्वा’ तेवढा मला कळला, म्हणजे आई. रेणव्वानं नाही म्हणून मान हलवली.

जिन्यात ती माझ्याजवळून गेली. मामानं तिचं मनगट धरलेलं होतं.

“वाक्य अर्धं ऱ्हायलं, न्हवं गुरुजी?” ती म्हणाली.

मी म्हणालो, परीक्षेला ये, पहिला पेपर मराठीचाच आहे. मामाही हो म्हणाला, आणीन की, म्हणाला.

मार्चमध्ये पहिल्या पेपरला मी केंद्रावर गेलो. मुख्याध्यापक माझ्या हाताखाली शिकलेले, त्यांनी वर्गाच्या दाराशी उभं राहू दिलं. बाकावर तिचा नंबर खडूनं लिहिला होता. घंटा झाली, प्रश्नपत्रिका वाटल्या, पर्यवेक्षकानं हजेरीच्या कागदावर त्या नंबरापुढे खूण केली आणि त्या बाकावरची कोरी उत्तरपत्रिका परत गठ्ठ्यात घातली. बाकीच्या तिघींचीही परीक्षा हुकली, त्यांच्या नव्या वसतिगृहापासून आमचं केंद्र फार लांब होतं.

चौकशी उन्हाळ्यात संपली. काही निघालं नाही. मगदूमनं पानभर मजकूर लिहून पाठवला होता असं मला कळलं. छापून आल्या त्या आतल्या पानावर, कुणाच्या तरी हरवलेल्या पासबुकाच्या जाहिरातीखाली, चार ओळी : संबंधित संस्थेने सदर आरोपांचा इन्कार केला आहे. चौकशीत काय निघालं ते त्यांत नव्हतं. प्रश्नचिन्हही नव्हतं.

ताईंनी घर पुन्हा उघडलं नाही. वखारीबरोबर ती जागाही विकली गेली.

त्याच वर्षी पावसाळा सरताना मगदूम माझ्याकडे आला. शेजारची पोरं तोवर पुन्हा यायला लागली होती, आत बसून शुद्धलेखन लिहीत होती. तो कट्ट्यावर बसला. वाळला होता. म्हणाला की तो मल्लाप्पाच्या गावी जाऊन आला. दोनदा गेला, दोनदा मल्लाप्पानं दारातून परत पाठवलं, पाहुण्यांकडे गेलीय म्हणून. तिसऱ्यांदा मल्लाप्पा घरी नसताना गेला. आई बाहेर आलीच नाही. धाकटी बहीण दारात उभी होती, ती सांगू लागली, तर आतून आईनं तिला ओढून घेतलं. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं. ती सीमेपलीकडेच, एका मोठ्या शहरात. पोलिसांकडे जाऊन आलो, तो म्हणाला, इकडच्याही आणि तिकडच्याही. ते बघतो म्हणाले.

“काय सांगितलं म्हाताऱ्यानं?” मी विचारलं.

त्यानं आत पोरांकडे बघितलं. मग माझ्याकडे. आज मात्र तो माझ्यासमोर बोलला.

“बसवलंय तिला, गुरुजी.”

वाक्य अर्धंच होतं. मी प्रश्न विचारला नाही.